'सोडवणेचो आवाज' : आंबोलीच्या रानातील एक नभोवाणी केंद्र

नभोवाणीच्या इतिहासात केंद्रांची वर्गवारी बहुधा खर्चाच्या आधारे केली जाते. शासनाच्या तिजोरीवर चालणारी केंद्रे एका बाजूस आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी व्यापारी केंद्रे दुसऱ्या बाजूस, अशी ही विभागणी आहे. हिशेबाच्या दृष्टीने ती सोयीची असली, तरी केंद्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. पहिल्या वर्गातील केंद्र श्रोत्याला प्रजाजन समजते, दुसऱ्या वर्गातील केंद्र त्याला गिऱ्हाईक समजते. आणि दोन्हीकडे श्रोत्याशी कोणत्या भाषेत बोलावयाचे याचा निर्णय श्रोत्याच्या घरापासून दूर कोठे तरी होत असतो. या दोन्ही वर्गांत न बसणारे एक केंद्र १९५५ च्या अखेरीस आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या रानात सुरू झाले. त्याला जाहिरातदार नव्हते, परवाना नव्हता, इमारत नव्हती. 'सोडवणेचो आवाज' या कोकणी नावाने आणि 'आ व्होझ दा लिबेर्दाद' या पोर्तुगीज नावाने ते ओळखले जाई. गोवामुक्तीच्या इतिहासात या केंद्राचा उल्लेख गौरवाने, पण एकदोन परिच्छेदांत, होत आला आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्याच्यात याहून अधिक काही सापडण्यासारखे आहे.

प्रथम मालवण किनाऱ्याच्या श्रोत्याची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी हा मुलूख त्या काळी मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. सावंतवाडी संस्थान विलीन होऊन सात-आठच वर्षे झाली होती. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. ज्याच्याकडे रेडिओ असे तो बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा संच. माडावरून माडावर तार ओढून त्याची एरियल केलेली असे, आणि संच एकाचा असला तरी ऐकणारी वाडी असे. या संचावर जे आवाज येत त्यांतील एकही आवाज या मुलखात उठलेला नव्हता. मुंबई केंद्राचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने, म्हणजे एका व्यापारी कंपनीने, केला होता. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली व नभोवाणी सरकारकडे गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबईहून येणारी मराठी ही शिष्ट, ग्रांथिक वळणाची मराठी होती. कोलंबोचे रेडिओ सिलोन १९५० च्या सुमारास जाहिरातींच्या बळावर उभे राहिले. १९५२ मध्ये नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले व आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोलंबोहून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुण्यात जन्मलेल्या या मंत्र्याने रुचिशुद्धीचा जो प्रयोग आरंभिला, त्याचा लाभ समुद्रापलीकडच्या व्यापारी केंद्राला व्हावा, हा त्या दशकातील एक विनोदच म्हटला पाहिजे. कोलंबोची भाषा हिंदी होती, आणि तिच्या गोडव्याबद्दल किनाऱ्यावरील श्रोत्याची तक्रार नव्हती. पण ती भाषा त्याच्या घरची नव्हती.

तिसरा आवाज सर्वांत जवळचा, आणि तोच परराज्याचा. पणजीचे 'एमिसोरा द गोवा' हे पोर्तुगीज केंद्र २८ मे १९४६ रोजी सुरू झाले. यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १८ जून १९४६ रोजी, डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु जाहीर बोलण्याचा अधिकार एकाच मोसमात एका बाजूस यंत्राला मिळाला व दुसऱ्या बाजूस माणसाला नाकारला गेला, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. पणजी केंद्र पुढे भारतीय भाषांतील कार्यक्रम आणि संगीतही देऊ लागले. आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरविल्यावर भारतीय हद्दीतील श्रोते कोलंबोप्रमाणे गोव्याचा काटाही शोधू लागले होते. तेरेखोलच्या खाडीला हद्द असली तरी सुराला नव्हती. बातमीला मात्र ती होती. सालाझारच्या राजवटीत गोव्यातील मुद्रित मजकूर अभ्यवेक्षकाच्या हातून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नवे नाव दिले होते. राज्यघटनेत वसाहत हा शब्दच उरला नाही, म्हणजे वसाहतीविषयी बोलण्याचीही गरज उरली नाही, असा त्यामागील तर्क होता.

१९५४ व १९५५ या दोन वर्षांत हद्दीवरील परिस्थिती झपाट्याने बदलली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली हे प्रदेश स्वयंसेवकांनी मुक्त केले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्यात शिरले. बांद्याहून पत्रादेवीकडे जाणारी वाट त्यांतील एक प्रमुख होती. पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्यानंतर भारत सरकारने आपली पणजीची वकिलात बंद केली, रेल्वेचा व्यवहार थांबविला, जाण्यायेण्यावर व पैसे पाठविण्यावर कडक निर्बंध घातले. या नाकेबंदीचा हेतू पोर्तुगीज सत्तेला जेरीस आणणे हा होता. परंतु तिचा पहिला भार सामान्य गोमंतकीयावर पडला हे नाकारता येणार नाही. मुंबईत काम करणारा मुलगा आणि बारदेशात राहणारी आई यांच्यामधला निरोपाचा धागा तुटला. सावंतवाडी व पेडणे यांच्यामधील सोयरीकसंबंधांची हीच गत झाली. गोव्याच्या आत भारतीय वृत्तपत्र जाईना, आणि आतली बातमी बाहेर येईना. सीमा कागदाला आणि माणसाला बंद झाली. राहता राहिला ध्वनी.

दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच स्वयंसेवकांच्या हाती लागले होते. त्यांच्यात फेरफार करून ध्वनिक्षेपक तयार करण्यात आला. पोर्तुगीज पोलिसांच्या निरोपानिरोपीसाठी आणलेले यंत्र अशा रीतीने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध बोलू लागले. केंद्र चालविण्याचे काम वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि प्रारंभीच्या काळात निकोलाव मिनेझिस यांनी अंगावर घेतले. लिबिया लोबो यांची पूर्वपीठिका या कामाला विलक्षण अनुरूप होती. दुसऱ्या महायुद्धात मुंबईस त्या टपाल-अभ्यवेक्षण खात्यात कामाला होत्या; इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याचे ते काम होते. पुढे त्यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रातही नोकरी केली. निरोप कसा अडवतात आणि कसा पोहोचवतात, या दोन्ही विद्या त्यांना अवगत होत्या. दोन्ही एकाच व्यक्तीला अवगत असण्याचे प्रसंग इतिहासात फार येत नाहीत.

स्थळ म्हणून आंबोलीची निवड झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले हे गाव वेंगुर्ले बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर आहे. एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या छावणीची रसद या वाटेने चढत असे, आणि सावंतवाडीच्या इंग्रज पोलिटिकल एजंटाने येथे हवा खाण्याचे ठिकाण उभारले होते. सरळ रेषेत पणजी येथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. गोव्याच्या उत्तर भागाला हे ठिकाण इतके जवळ, की लहान शक्तीच्या यंत्रालाही ऐकू जाण्याची आशा धरता यावी. आणि रान इतके दाट, की मालमोटारीवर बसविलेले यंत्र सहज दृष्टीस पडू नये. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. साप, जळवा, ओल आणि धुके यांच्या संगतीत काही माणसांनी येथे संसार मांडला तो केवळ रोज ठरलेल्या वेळी बोलण्यासाठी. काही काळाने केंद्र कॅसलरॉकच्या रानात हलविण्यात आले. कॅसलरॉक म्हणजे घाटावरचे शेवटचे भारतीय रेल्वे स्थानक. गाडी बंद पडल्यामुळे ओस पडलेल्या त्या लोहमार्गाच्या तोंडाशी बातमी मात्र रोज सीमा ओलांडत राहिली. हे ठिकाण त्या वेळी मुंबई राज्यात होते, १९५६ च्या नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात गेले. भाषावार प्रांतरचनेच्या वादळात केंद्राखालची जमीन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली.

पहिले ध्वनिक्षेपण २५ नोव्हेंबर १९५५ रोजी झाले. ४४५ वर्षांपूर्वी याच दिनांकास, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आफोंसो द अल्बुकर्कने गोवा शहर जिंकले होते. दिवसाची ही निवड कोणाला उद्देशून होती, हे सांगावयास नको. मालवणच्या कोळ्याला किंवा सावंतवाडीच्या शेतकऱ्याला त्या दिनांकाचा अर्थ सांगावा लागला असता. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या गोमंतकीयाला व खुद्द पोर्तुगीज अधिकाऱ्याला तो न सांगता कळणारा होता.

येथून प्रश्न भाषेचा उद्भवतो. केंद्राने मुख्यतः दोन भाषा निवडल्या : पोर्तुगीज व कोकणी. पोर्तुगीजची निवड समजण्यास सोपी आहे. शासनाचा, न्यायालयाचा व सुशिक्षित ख्रिस्ती घराण्यांचा व्यवहार त्या भाषेत होता; शिवाय लिस्बनहून आलेला शिपाई व कारकून यांनाही याच भाषेत गाठता येत होते. ज्याच्याविरुद्ध लढावयाचे त्याच्याशी त्याच्याच भाषेत, आणि शिव्यागाळीच्या नव्हे तर युक्तिवादाच्या सुरात, बोलण्याचा हा प्रयोग राजकीय शहाणपणाचा होता. कोकणीची निवड मात्र त्या काळी स्वयंसिद्ध नव्हती. गोव्यातील हिंदू समाजाचे शिक्षण, कीर्तन, नाटक आणि पत्रव्यवहार ही सर्व मराठीत चालत होती; ख्रिस्ती समाज कोकणी रोमी लिपीत लिहीत होता. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादाला धार चढलेली होती. ग्रिअर्सनने १९०५ च्या आपल्या सर्वेक्षणखंडात तिला मराठीच्या पोटात घातले होते, डॉ. सु. मं. कत्रे यांनी तिच्या घडणीवरील ग्रंथात (१९४२) तिच्या स्वतंत्र ध्वनिविकासाचा आणि रूपविकासाचा मागोवा घेतला होता; वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर ऊर्फ शणै गोंयबाब यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचून १९४६ मध्ये मुंबईत देह ठेवला होता. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने प्रजेने तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज भाषेत बोलावे असा हुकूम काढला होता. आणि १८५८ मध्ये कुन्या रिव्हारा या पोर्तुगीज पंडितानेच कोकणीची बाजू मांडणारा निबंध लिहिला होता. एवढा इतिहास पाठीशी असलेली भाषा १९५५ मध्ये बातमी सांगण्यासाठी वापरणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

या निवडीमागील खरे बळ लिपीच्या प्रश्नात आहे. कागदावर उतरताच कोकणीचे तुकडे होतात. देवनागरीत छापली तर बहुसंख्य ख्रिस्ती वाचक गळतो, रोमीत छापली तर हिंदू वाचक गळतो, आणि कारवारच्या दक्षिणेस कानडी लिपी पुढे येते. शिवाय ज्याला कोणतीच लिपी येत नाही त्या कुळाचा व खलाशाचा प्रश्न राहतोच. ध्वनिक्षेपणाला यांतील कशाचीच आडकाठी नाही. फोंड्याचा हिंदू शेतकरी व साष्टीतील ख्रिस्ती शेतकरी यांना एकच बातमी, एकाच शब्दांत, एकाच क्षणी मिळण्याची सोय मुद्रणाने चार शतकांत केली नव्हती. ती नभोवाणीने केली. आशिया खंडातील पहिल्या मुद्रणयंत्रांपैकी एक १५५६ मध्ये गोव्यातच आले होते, हे लक्षात घेता या विधानातील विपर्यास अधिकच जाणवतो.

पण उच्चारभेदाचे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. बारदेशची, साष्टीची व अंत्रुजची कोकणी एकसारखी नाही, आणि समाजपरत्वे शब्दसंग्रह बदलतो. 'स्वातंत्र्य' म्हणावे तर एक अडतो, 'लिबेर्दाद' म्हणावे तर दुसरा अडतो. केंद्राच्या नावात या अडचणीचे एक उत्तर दिसते. 'सोडवण' हे नाम संस्कृतातून तत्सम रूपात उचललेले नाही व पोर्तुगीजमधूनही आलेले नाही. अडकलेल्याला सोडविणे हा रोजच्या जगण्यातला अर्थ त्याच्यात आहे. जाळ्यातून, कर्जातून, खोड्यातून होते ती सोडवण. स्त्रीलिंगी 'सोडवण' या नामाचे सामान्यरूप 'सोडवणे', त्याला षष्ठीचा प्रत्यय लागला, आणि 'आवाज' हे नाम पुल्लिंगी म्हणून प्रत्ययाचे रूप 'चो' झाले. 'आवाज' हा शब्द तर फारसीच्या वाटेने आलेला. या दोन शब्दांवर कोणा एका धर्माचा, जातीचा किंवा तालुक्याचा हक्क सांगता येत नाही. भाषाशास्त्रज्ञांची समिती नेमून याहून चांगले नाव निघाले असते असे वाटत नाही.

या 'चो' प्रत्ययाने आणखी एक गोष्ट साधली. ती कोणी ठरवून साधली असेल असे दिसत नाही. आंबोलीच्या पायथ्याशी जी बोली बोलली जाते ती मालवणी. ग्रिअर्सनने तिची कुडाळी या नावाने नोंद घेतली आणि कोकणीच्या प्रकरणातच घेतली. मालवणी माणूसही 'गावचो' म्हणतो, 'घोडो' म्हणतो, 'माका' आणि 'तुका' म्हणतो, 'आहे' याऐवजी 'आसा' म्हणतो, आणि तिसऱ्या पुरुषीही 'तो गेलो' असे म्हणतो. फरक आहेत, आणि ते कानाला लागणारे आहेत : गोव्याचा 'ना' येथे 'नाय' होतो; गोव्यात नपुंसकलिंगी रूप 'बरें' असे सानुनासिक असते, मालवणीत ते 'बरा' असे आकारान्त होते, त्यामुळे 'घर बरा आसा' हे वाक्य घाटावरच्या माणसाला लिंगदोषाने भरलेले वाटते. तथापि मालवणी कानाला सोडवणेच्या आवाजाची कोकणी मुंबईच्या मराठीपेक्षा, निदान रूपांच्या बाबतीत, अधिक जवळची होती. जो आवाज या किनाऱ्याला उद्देशून नव्हता तोच त्याच्या घरगुती बोलण्याशी सर्वांत जुळणारा होता. मुंबईचे केंद्र मालवणी माणसाशी बोलत होते, पण त्याच्यासारखे बोलत नव्हते. हे रानातले केंद्र त्याच्यासारखे बोलत होते, पण त्याच्याशी बोलत नव्हते.

कार्यक्रम साधारणतः सकाळी तासभर चालत. बातमी हा त्यांचा कणा होता. गोव्यात झालेल्या अटका आणि शिक्षा, भारतीय संसदेतील चर्चा, संयुक्त राष्ट्रसंघातील घडामोडी, आफ्रिका व आशियातील वसाहतींचे एकामागून एक होणारे स्वातंत्र्य, आणि लिस्बनच्या प्रचाराचे खंडन, असा मजकूर त्यांत येई. या काळात सांगण्यासारखे पुष्कळ घडत होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्काच्या दाव्यात १२ एप्रिल १९६० रोजी निकाल दिला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला राष्ट्रसंघाच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश हे स्वयंशासित नाहीत, असा ठराव करून त्यांत गोव्याचे नाव घातले. 'सागरापलीकडील प्रांत' हा शब्दप्रयोग जगाने नाकारल्याची ही नोंद होती. १९६१ च्या फेब्रुवारीत अंगोलात उठाव झाला. पणजीच्या श्रोत्याला या घटना पोर्तुगीज केंद्रावरून कळल्या असत्या तर त्या वेगळ्या नावांनी कळल्या असत्या, किंवा कळल्याच नसत्या. म्हणून माणसे दार लावून, आवाज बारीक करून ऐकत.

केंद्र पक्षपाती होते काय, या प्रश्नाला बगल देणे इतिहासलेखनाला शोभणार नाही. ते पक्षपाती होते. ते भारतीय भूमीवर भारत सरकारच्या संमतीविना सहा वर्षे चालले असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल, आणि दिल्लीच्या धोरणाशी त्याचा सूर एकंदरीत जुळणारा होता. नाकेबंदीचे चटके ज्यांना बसत होते त्यांच्या तक्रारीला त्यावर किती वाव होता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु पणजीच्या केंद्राशी त्याची तुलना करताना एक भेद विसरता कामा नये. पणजीचे केंद्र श्रोत्याला दुसरा आवाज ऐकण्याची सवड मिळू नये अशा राजवटीचे अंग होते. रानातले केंद्र दुसरा आवाज म्हणूनच जन्मले होते, आणि पणजीचा काटा कोणत्याही क्षणी फिरविता येईल हे गृहीत धरूनच त्याला बोलावे लागे. गिऱ्हाईक सोडून जाण्याच्या भीतीने व्यापारी केंद्र जसे श्रोत्याची मर्जी राखते, तसे या केंद्राला श्रोत्याचा विश्वास राखावा लागे. जाहिरात नसूनही या एका बाबतीत त्याची प्रकृती व्यापारी केंद्राशी मिळतीजुळती होती. येथे विकावयाचे होते ते एकच : आपली बातमी खरी ठरते हा भरवसा.

डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईचा निर्णय झाला तेव्हा केंद्र बेळगावास आणण्यात आले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा शरणागतीचे आवाहन करणारा निरोप पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना उद्देशून याच केंद्रावरून पुनःपुन्हा ध्वनिक्षेपित झाला. लिस्बनहून सालाझारची आज्ञा शेवटच्या माणसापर्यंत लढण्याची होती. एका बाजूची आज्ञा आणि दुसऱ्या बाजूचे आवाहन, दोन्ही पोर्तुगीज भाषेत, गव्हर्नरापुढे येऊन ठेपले. १८ डिसेंबरला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, आणि त्याच दिवशी भारतीय वायुदलाने बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. १९ डिसेंबरला शरणागती झाली. त्या दिवशी सरदेसाई व लोबो यांनी ध्वनिवर्धक लावलेल्या विमानातून गोव्यावर घिरट्या घालीत पोर्तुगीज व कोकणी भाषांत मुक्तीची वार्ता सांगितली. सहा वर्षे रानाच्या आडोशाने बोललेल्या माणसांना आपले श्रोते डोळ्यांनी दिसले ते प्रथम आकाशातून. या उभयतांचा विवाह १९६४ मध्ये झाला. वामन सरदेसाई यांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली. लिबिया लोबो सरदेसाई यांना ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, जाहीर झाली. ३३ वर्षांचे हे अंतर बोलके आहे.

केंद्राचे काम संपले म्हणून केंद्र संपले. पणजीची नभोवाणी १९६२ च्या जानेवारीत आकाशवाणीचे केंद्र म्हणून पुन्हा सुरू झाली. तिच्यावर कोकणीला स्थान मिळाले आणि मराठीलाही मिळाले, आणि ज्या वादाला मुक्तिलढ्याच्या काळात तात्पुरती विश्रांती होती तो पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होता वेगळे राहण्याचा निर्णय दिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या यशाचे श्रेय रानातल्या एका ध्वनिक्षेपकाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु राजकारण, आंतरराष्ट्रीय कायदा आणि युद्ध या विषयांवर रोज, वेळेवर, तोंडी कोकणीत बोलता येते, याचा पुरावा सहा वर्षे हजारो कानांवर पडत होता. आणि 'ही बोली बाजारहाटापुरती आहे' या आक्षेपाला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा असा पुरावा अधिक जड जातो.

घाटाखालच्या किनाऱ्याची कथा निराळी झाली. मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या, आणि मराठी श्रोत्याला आपल्याच देशाचे व्यापारी ध्वनिक्षेपण प्रथम लाभले. मालवणला त्याचा उपयोग मुंबईचा आवाज जितका पोहोचे तितकाच झाला. दक्षिण कोकणाचे आपले असे केंद्र १९७७ मध्ये रत्नागिरीस निघाले. चार वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. मालवणीला महाराष्ट्रभर श्रोता मिळवून दिला तो नभोवाणीने नव्हे, तर १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या नाटकाने व मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने. म्हणजे तिकीटविक्रीवर चालणाऱ्या व्यावसायिक रंगभूमीने. त्यात मालवणी हसण्याचे साधन म्हणून आली. गंभीर बातमी सांगण्याची संधी तिला मिळाली नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्णय दिल्यावर खाजगी केंद्रे आली. ती शहरागणिक लिलावाने वाटली गेली, आणि स्वतःची बातमी देण्याची मुभा त्यांना ठेवली नाही. १९५५ मध्ये मालमोटारीवरच्या यंत्राने जे केले ते परवाना घेऊन करता येणार नाही, अशी ही व्यवस्था आहे.

मालवणीचा प्रश्न जनगणनेच्या तक्त्यांत अधिक स्पष्ट दिसतो. मराठी नभोवाणीने व मराठी रंगभूमीने जिला मराठीची बोली म्हणून वागविले, ती 'मालवणी' ही मातृभाषा जनगणनेत मराठीखाली येत नाही. तिची मोजणी कोकणीच्या सदरात होते. आणि तेथेही ती सांगणारांची संख्या प्रत्यक्ष बोलणारांच्या मानाने अगदीच थोडी भरते, कारण गणनेचा कारकून दारी आला म्हणजे मालवण, कुडाळ व वेंगुर्ले येथील बहुसंख्य माणसे आपली मातृभाषा 'मराठी' अशीच लिहवतात, आणि ते उत्तर बहुधा मालवणीतच देतात.